कावळा बसला आणि फांदी तुटली: दासलर बंधूंच्या भांडणाची गोष्ट संशोधकाने कशी वाचावी

पीएचडीच्या प्रवेशाची मुलाखत होती. माझा विषय होता कौटुंबिक व्यवसायांमधली फाटाफूट. प्रेझेंटेशनची सुरुवात दमदार व्हावी म्हणून मी पहिल्याच स्लाइडवर आदिदास आणि प्यूमाची गोष्ट टाकली होती. जर्मनीतलं छोटं गाव, दोन सख्खे भाऊ, एक कारखाना, कडाक्याचं भांडण, आणि त्या भांडणातून जन्मलेल्या दोन जगप्रसिद्ध कंपन्या. तीन मिनिटं मी रंगवून बोलले. सगळे ऐकत होते, एक सर हसलेसुद्धा. मला वाटलं, जिंकलं.

मग कोपऱ्यात बसलेल्या मॅडमनी विचारलं, "समजा हे भाऊ भांडलेच नसते, तर काय झालं असतं? आणि ते तुम्ही कशावरून सांगाल?"

मी गप्प. खरंच गप्प. त्या वर्षी माझा प्रवेश झाला नाही.

आज या गोष्टीवर लिहायचं कारण तेच आहे. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय, प्रपोजल लिहिताय. आपल्या सगळ्यांच्या प्रपोजलमध्ये अशी एक तरी छान गोष्ट असते, आणि ती छान असते म्हणूनच आपण तिला प्रश्न विचारत नाही. तर आज ही एक गोष्ट घेऊ आणि तिला नीट प्रश्न विचारू.

गोष्ट जशी सांगितली जाते

बव्हेरियातलं हेरत्सोगेनाउराख हे न्यूरेंबर्गजवळचं गाव. आउराख नदीकाठी वसलेलं, आणि चपला-बूट बनवणाऱ्यांचंच. तिथल्या दासलर कुटुंबात रुडॉल्फचा जन्म १८९८चा आणि आडॉल्फ ऊर्फ आदीचा १९००चा. पहिल्या महायुद्धानंतर आदीने आईच्या धुणीघरात बूट बनवायला सुरुवात केली. रुडॉल्फ येऊन मिळाला आणि १९२४ मध्ये 'दासलर बंधू' या नावाने कारखाना नोंदवला गेला. आदी कारागीर, अबोल. रुडॉल्फ बोलका, विक्री सांभाळणारा. १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये लीना राड्केने महिलांची ८०० मीटर शर्यत त्यांचे स्पाइक्स घालून जिंकली. १९३६ मध्ये बर्लिनला जेसी ओवेन्सने चार सुवर्णपदकं मिळवली, तेव्हाही त्याच्या पायात दासलरचे बूट होते.

मग युद्ध, संशय, भांडण. १९४८ मध्ये वाटण्या झाल्या. रुडॉल्फने नदीच्या पलीकडे जाऊन प्यूमा काढली. आदीने आपल्याच नावातली अक्षरं जोडून १९४९ मध्ये आदिदास नोंदवली. गाव दुभंगलं. एक फुटबॉल क्लब आदिदासचा, दुसरा प्यूमाचा. समोरचा माणूस कोणाचा हे कळायला लोक आधी त्याचे बूट बघायचे, म्हणून हे 'मान खाली घालून चालणाऱ्यांचं गाव' झालं. रुडॉल्फ १९७४ मध्ये गेला, आदी १९७८ मध्ये. एकाच दफनभूमीत दोघांच्या कबरी दोन टोकांना आहेत.

या गोष्टीचं सर्वांत वाचलं गेलेलं रूप म्हणजे बार्बरा स्मिट या डच पत्रकार बाईंचं पुस्तक. इंग्रजीत ते आधी २००६ मध्ये 'पिच इन्व्हेजन' आणि मग २००८ मध्ये 'स्नीकर वॉर्स' या नावाने आलं. २०१६ या एकाच वर्षात जर्मनीत या भावांवर दोन वेगवेगळे टीव्ही चित्रपट आले. म्हणजे गोष्टीला मागणी किती आहे बघा.

स्मिट यांचं पुस्तक वाईट नाही, हे आधीच सांगते. खेळात पैसा कसा शिरला याचा इतका बारीक तपशील एका जागी मिळणं अवघड आहे. पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग तर संशोधनाचं सोनं आहे. माझी तक्रार त्या पुस्तकाच्या चौकटीबद्दल आहे. २००८च्या आवृत्तीचं उपशीर्षकच सांगतं की कुटुंबातल्या भांडणाने खेळाचा धंदा कायमचा बदलला. हे कारण-परिणामाचं विधान आहे. तसं विधान केलं की पुरावाही तसाच द्यावा लागतो.

पहिला प्रश्न: हे पाहिलं कोणी?

भांडण नेमकं कशावरून झालं? एक प्रसंग सगळीकडे भेटतो. युद्धात बॉम्बहल्ला होत असताना आदी बायकोसह तळघरात शिरला आणि विमानांना उद्देशून "आले पुन्हा हे नालायक" अशा अर्थाचं काही बोलला. रुडॉल्फचं कुटुंब आधीच तिथे बसलं होतं. त्याला वाटलं, हे आपल्यालाच.

प्रसंग झकास आहे. पण विचार करा, तळघरात एकाच कुटुंबातली मोजकी माणसं होती. तो बाहेर आला तो घरातल्या आठवणींतून, आणि कुटुंबाच्या आठवणी भांडणानंतर दोन छावण्यांत वाटल्या गेलेल्या. आपल्याकडे जमिनीच्या वादात पन्नास वर्षांनी कोणी सांगतं, "तेव्हा काका असं म्हणाले होते", तेव्हा त्या वाक्याला आपण जेवढं वजन देऊ तेवढंच इथेही द्यायचं.

दुसरा पुरावा कागदोपत्री आहे, पण तोही जपून वापरायचा. दोघे भाऊ १९३३ मध्ये नाझी पक्षाचे सभासद झाले होते. युद्धानंतर अमेरिकन सैन्याने रुडॉल्फला पकडून साधारण वर्षभर छावणीत ठेवलं, आणि आपल्याला भावानेच पकडून दिलं असा त्याचा संशय होता. आदीचीही नाझी संबंधांबद्दल चौकशी झाली. सुरुवातीला तो वरच्या गुन्हेगार गटात टाकला गेला आणि शेवटी 'फक्त मागे चालणारा' अशा सौम्य गटात आला. या चौकशीत रुडॉल्फने आदीविरुद्ध सांगितलं आणि आदीची बायको केटे हिने नवऱ्याच्या बाजूने लेखी निवेदन दिलं.

हे कागद अस्सल आहेत. पण अस्सल म्हणजे निःपक्षपाती नव्हे. ज्या चौकशीत कारखाना हातातून जाऊ शकतो तिथे दिलेली जबानी काय सिद्ध करते? १९४६ मध्ये कोणाला काय म्हणणं सोयीचं होतं, हे ती पक्कं सांगते. १९४३ मध्ये नेमकं काय घडलं, हे तितकं पक्कं सांगत नाही. आर्काइव्हमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाने हा फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

कंपन्यांचे स्वतःचे इतिहास तर आणखी गमतीचे. ४ जुलै १९५४ला बर्नमध्ये वर्ल्ड कपच्या फायनलला पाऊस पडत होता. पश्चिम जर्मनीने ०-२ अशा पिछाडीवरून हंगेरीला ३-२ असं हरवलं. जर्मन खेळाडूंच्या पायात आदिदासचे, स्क्रूने बदलता येणाऱ्या स्टडचे बूट होते. आदिदासच्या इतिहासात हा सुवर्णक्षण आहे. प्यूमाचा अधिकृत इतिहास मात्र म्हणतो की स्क्रूचे स्टड आम्ही १९५२ मध्येच आणले. दोन कंपन्या, दोन 'पहिले'. कंपनीची वेबसाइट उघडून प्रपोजलमध्ये तारीख चिकटवायची सवय असेल (मला होती), तर ती आजच सोडा.

दुसरा प्रश्न: आधी घडलं म्हणून कारण ठरतं का?

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, असं आपण बोलताना सहज म्हणतो. संशोधन करताना मात्र तेच विसरतो. १९४८ मध्ये भाऊ वेगळे झाले आणि पुढच्या वीस वर्षांत दोन्ही कंपन्या मोठ्या झाल्या. पण १९४८ मध्ये आणखी काय घडलं? जूनमध्ये पश्चिम जर्मनीत चलन बदललं, जर्मन मार्क आला. दुकानांत माल परत दिसू लागला. पुढच्या दशकात त्या देशाची अर्थव्यवस्था इतक्या वेगाने वाढली की त्याला 'आर्थिक चमत्कार' हे नाव पडलं. पाठोपाठ टीव्ही आला आणि खेळाडूचे बूट घराघरात दिसू लागले. फांदी हलवणारा वारा जोरात होता.

शिवाय फांदीला तडा आधीच गेलेला. राड्केची शर्यत १९२८ची, ओवेन्सची पदकं १९३६ची. म्हणजे उत्तम खेळाडूंना बूट पुरवून नाव कमवायचं तंत्र भाऊ एकत्र असतानाच तयार झालं होतं. भांडणाने ते जन्माला घातलं नाही.

तिसरा प्रश्न: तुलना कोणाशी?

मॅडमचा प्रश्न खरं तर हाच होता. भाऊ भांडले नसते तर, हे प्रयोगशाळेत तपासता येत नाही. पण तुलना करता येते. त्याच धंद्यातली तीन उदाहरणं घेऊ.

इंग्लंडमधल्या बोल्टन गावात जोसेफ विल्यम फॉस्टर यांनी १८९५ मध्ये धावपटूंचे बूट बनवायचा व्यवसाय उभा केला. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या नामवंत ब्रिटिश धावपटूंच्या पायात फॉस्टरचे बूट होते. म्हणजे दासलरांपेक्षा जुनी आणि तेव्हा तरी जास्त मानाची कंपनी. पुढे ती त्यांच्या दोन मुलांकडे गेली आणि त्या दोघांचं पटेना. इथेही सख्ख्या भावांचं वैर. परिणाम? कंपनी सुस्तावली. शेवटी तिसऱ्या पिढीतले जो आणि जेफ हे भाऊ १९५८ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी एकत्र येऊन जी कंपनी काढली, तीच पुढे रीबॉक झाली. म्हणजे बोल्टनमध्ये भांडणाने व्यवसाय गारठला, आणि वाढला तो एकमेकांच्या साथीने.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. फिल नाइट आणि बिल बॉवरमन यांनी १९६४ मध्ये ब्लू रिबन स्पोर्ट्स काढली. त्यांचं नातं धावपटू आणि प्रशिक्षकाचं. १९७१ मध्ये नायकी हे नाव आलं आणि १९८०च्या सुमारास त्यांनी अमेरिकेच्या बाजारात आदिदासला मागे टाकलं. तिसरं जपानचं. ज्या ओनित्सुका कंपनीचे बूट नाइट सुरुवातीला आयात करून विकत होते, ती कोबे शहरात १९४९ मध्ये सुरू झाली आणि आज आपण तिला आसिक्स म्हणून ओळखतो. नायकी आणि ओनित्सुका या दोन्हींच्या जन्मकथेत भाऊबंदकी नाही.

आता कागदावर चार खान्यांचा साधा तक्ता काढा. भावांचं वैर होतं आणि वाढ झाली: हेरत्सोगेनाउराख. वैर होतं आणि वाढ झाली नाही: बोल्टन. वैर नव्हतं आणि वाढ झाली: ओरेगन, कोबे. वैर नव्हतं आणि वाढही झाली नाही: हा खाना रिकामा दिसतो, पण तो सगळ्यांत भरलेला असणार, कारण बंद पडलेल्या शेकडो कारखान्यांवर कोणी पुस्तक लिहीत नाही. मी मुलाखतीला पहिला एकच खाना घेऊन गेले होते.

आणखी एक गोष्ट. स्मिट यांच्यासह अनेक जण असंही मांडतात की दोन्ही घराणी एकमेकांवर डोळा ठेवण्यात इतकी गुंतली की नायकी आली ते त्यांना दिसलंच नाही. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. पटतंय ना? मग थांबा. वाढ झाली तेव्हा कारण भांडण, आणि घसरण झाली तेव्हाही कारण भांडण. जे कारण दोन्ही निकालांना चालतं ते चुकीचंच असतं असं नाही, पण कोणत्या परिस्थितीत एक निकाल आणि कोणत्या परिस्थितीत दुसरा, हे सांगितल्याशिवाय ते स्पष्टीकरण होत नाही.

याच ओघात जन्मक्रमाचा मोहही टाळा. थोरला रुडॉल्फ वर्चस्व गाजवणारा, धाकटा आदी नवं शोधणारा, असं लिहायला हात शिवशिवतो. फ्रँक सुलोवे यांच्या १९९६च्या 'बॉर्न टू रेबेल' या पुस्तकाचा आधारही मिळतो. पण २०१५ मध्ये तीन देशांतल्या वीस हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवर झालेल्या जर्मन संशोधकांच्या अभ्यासात जन्मक्रमाचा स्वभावावर जवळपास काहीच परिणाम दिसला नाही. जुनं गाजलेलं पुस्तक उद्धृत करण्याआधी त्याच्या नंतर काय छापून आलं ते बघायचं.

मग भांडणाने काहीच केलं नाही का?

केलं. फक्त आपण समजतो त्याहून मर्यादित आणि नेमकं काही केलं.

पहिली यंत्रणा फुटीची. एका कंपनीत मतभेद होतात, जाणकार माणसं बाहेर पडतात आणि जवळच नवी कंपनी काढतात. स्टीव्हन क्लेपर यांनी डेट्रॉइटच्या मोटार उद्योगाचा असा अभ्यास केला, आणि पीटर थॉम्पसन यांच्यासोबत २०१० मध्ये मतभेदांतून निघणाऱ्या कंपन्यांवर स्वतंत्र लेखही लिहिला. हेरत्सोगेनाउराखमध्ये तेच दिसतं. कारागीर बहुतांशी आदीकडे राहिले, विक्रीची माणसं रुडॉल्फबरोबर गेली. प्रत्येकाला उरलेलं अर्धं कौशल्य नव्याने उभं करावं लागलं. इथे लक्षात घ्या, क्लेपर यांच्या मांडणीला भाऊ लागत नाहीत. दोन भागीदार असते तरी चाललं असतं.

दुसरी यंत्रणा चढाओढीची, आणि इथे रक्ताचं नातं कदाचित खरंच महत्त्वाचं असेल. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकला आदीचा मुलगा होर्स्ट गेला आणि त्याने खेळाडूंना बूट फुकट वाटले. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये आर्मिन हारीने १०० मीटर शर्यत प्यूमा घालून जिंकली आणि पदक घ्यायला तो आदिदास घालून उभा राहिला. १९६८ मध्ये मेक्सिकोत खेळाडूंना पाकिटातून पैसे पोचत होते, हौशी खेळाडूंना पैसे घ्यायला बंदी असतानाही. १९७० मध्ये पेलेवर बोली लावायची नाही असा समझोता दोन्ही घराण्यांत झाला होता म्हणे, आणि तो प्यूमाने मोडला. पेलेने मैदानात खाली बसून बुटाची नाडी बांधली आणि कॅमेरे त्याच्या प्यूमावर स्थिरावले. (हा सामना काही ठिकाणी क्वार्टर फायनल सांगतात, काही ठिकाणी फायनल. पहिला प्रश्न आठवा.)

इथे पावलं मोजता येतात. फुकट बूट, मग पाकीट, मग करार. प्रत्येक पाऊल दुसऱ्याच्या पावलाला उत्तर म्हणून पडलं. पुढे होर्स्टने खेळाडूंच्याही वर जाऊन थेट संघटनांशी संधान बांधलं. १९८२ मध्ये त्याने आयएसएल ही कंपनी उभी केली, जी फिफा आणि ऑलिंपिकचे व्यापारी हक्क विकायची. २००१ मध्ये ती बुडाली आणि नंतर तिच्या लाचखोरीची प्रकरणं स्विस न्यायालयातून बाहेर आली. 'भांडणामुळे मोठ्या कंपन्या झाल्या' यापेक्षा 'चढाओढीमुळे हौशी खेळात पैसे देण्याची पद्धत कशी बदलली' हा प्रश्न लहान आहे, पण त्याचा पुरावा आपण गोळा करू शकतो.

गोष्टीआड काय झाकलं जातं

भावांची गोष्ट इतकी खमंग आहे की तिच्या वासात दुसरं काही जाणवत नाही. युद्धाच्या शेवटच्या काळात याच कारखान्यात रणगाडाविरोधी 'पान्त्सरश्रेक' अस्त्राचं काम चाललं. लोकप्रिय आवृत्त्यांत हे दोन ओळींत उरकतं, आणि ओवेन्सच्या बुटांना मात्र अख्खा प्रसंग मिळतो. घराण्याचं भांडण म्हटलं की एका राजवटीशी केलेला व्यवहार घरगुती तपशील होऊन जातो.

दुसरं, बायका. केटे आणि रुडॉल्फची बायको फ्रीडल यांचं पटत नव्हतं, म्हणून घर फुटलं, असं अनेक ठिकाणी वाचायला मिळेल. "बायका आल्या आणि भाऊ वेगळे झाले" हे वाक्य तुम्ही आपल्याकडच्या किती घरांत ऐकलंय? मी तर माझ्याच घरात ऐकलंय. याच केटेने आदीच्या मृत्यूनंतर १९७८ पासून १९८४ मध्ये स्वतः जाईपर्यंत आदिदासची सूत्रं सांभाळली. गोष्टीत ती भांडणाचं कारण म्हणून मोठी दिसते आणि कंपनी चालवणारी म्हणून जवळजवळ दिसत नाही. तुमच्या विषयातही अशी कोणी केटे असेल. शोधा.

माझ्या प्रपोजलचं काय झालं

पुढच्या वर्षी मी तोच विषय घेऊन परत गेले. गोष्ट काढून टाकली नव्हती, तिची जागा बदलली होती. पहिल्या स्लाइडवर चार खान्यांचा तक्ता होता, आणि प्रश्न होता: कौटुंबिक व्यवसाय फुटताना कौशल्य कसं वाटलं जातं, आणि त्या वाटणीचा पुढच्या पाच वर्षांवर काय परिणाम होतो? भाऊ, बहीण, काका, भागीदार, सगळे त्यात बसत होते. दासलर बंधू आठव्या स्लाइडवर, एक उदाहरण म्हणून आले.

त्याच मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, "रिकामा खाना कसा भरणार?" मी म्हटलं, बंद पडलेल्या फर्मच्या नोंदणी कार्यालयातल्या फायली बघणार. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न काढला, जो याहून अवघड होता. सध्या त्याच फायलींच्या धुळीत बसलेय.

तुम्ही एक करा. तुमच्या प्रपोजलमधली सगळ्यांत आवडती गोष्ट एका कागदावर पाच ओळींत लिहा. तिच्याखाली हे प्रश्न लिहा: हे पाहिलं कोणी, सांगणाऱ्याचा त्यात फायदा काय, त्याच वेळी आणखी काय घडत होतं, हे नसतं तर काय झालं असतं, आणि बंद पडलेले कुठे आहेत? उत्तरं आली नाहीत तरी चालेल. मुलाखतीला जाण्याआधी ती येत नाहीत हे कळलेलं बरं. मला ते खोलीत गेल्यावर कळलं होतं.